घाटघरचा मुक्काम

जुन्नर शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीचा जो मुलूख पसरला आहे, त्याची ओळख पुस्तकातून करून घेणे सोपे. पण ती फार वरवरची होते. शिवनेरी, चावंड, हडसर आणि जीवधन हे चार किल्ले नकाशावर एका तळहाताखाली झाकले जातात. प्रत्यक्षात एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याचा माथा दिसत असला, तरी मध्ये दऱ्या, ओढे, भातखाचरे आणि लहान लहान वाड्या यांची एवढी दाटी आहे, की पायी हिंडणाऱ्यास दिवसच्या दिवस पुरत नाहीत. म्हणूनच एका शाळेच्या गुरुजींनी होळीच्या सुटीला जोडून चौदा मुलामुलींना तेथे न्यावयाचे आणि राहुट्या ठोकून चार दिवस राहावयाचे ठरविले.

नियम थोडेच होते. आपले अंथरूण-पांघरूण, ताटवाटी आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने वाहावयाची, मोबाइल घरी ठेवावयाचा आणि रोज रात्री कंदिलाभोवती बसून दिवसाचे टिपण लिहावयाचे. दुसऱ्या नियमावरून घरोघर थोडी कुरकुर झाली. ती मुलांपेक्षा त्यांच्या आयांनीच अधिक केली, ही गोष्ट वेगळी.

पहिला दिवस शिवनेरीचा. सात दरवाजे ओलांडून वर जाताना मुलांचा उत्साह ओसंडून वाहत होता. शिवाई देवीचे दर्शन झाले, अंबरखान्याची पडकी इमारत पाहून झाली आणि सारी मंडळी शिवजन्मस्थानाजवळ सावलीत विसावली. तेव्हा गुरुजींनी सहज विचारल्यासारखे विचारले, ''हा किल्ला महाराजांनी केव्हा जिंकला?''

मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणी एक साल सांगितले, कोणी दुसरे. गुरुजी हसून म्हणाले, ''कधीच नाही.''

हे ऐकून सर्वांना नवल वाटले. परंतु गोष्ट खरी होती. १६३० साली महाराजांचा जन्म ज्या किल्ल्यावर झाला, तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६५७ साली त्यांनी रात्रीच्या वेळी जुन्नर शहरावर छापा घातला. पुढे किल्ला घेण्याचाही प्रयत्न केला, पण शिवनेरी हाती लागला नाही. नंतर जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य जुन्नरला आला, तेव्हाही गडावर मोगलांचेच ठाणे होते. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ साली. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या मनातही एखादी इच्छा अपुरी राहिली असेल, ही कल्पना मुलांना अगदी नवी होती. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

उतरताना गंगा-जमुना ही टाकी लागली. खडकात कोरलेल्या त्या टाक्यांतील गार पाणी पाहून मुलांना आनंद झाला. तथापि टाके म्हणजे काय आणि ते का कोरावे लागते, याचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही.

संध्याकाळी एस. टी.ने मंडळी घाटघरला पोहोचली. हे गाव सह्याद्रीच्या अगदी कडेवर आहे. पुढे नाणेघाट, डाव्या हाताला जीवधनचा काळा कातळ आणि त्याला लागूनच वानरलिंगी नावाचा उभा सुळका. भाताची कापणी केव्हाच होऊन गेली होती. त्यामुळे एका मोकळ्या खाचरात राहुट्या ठोकण्यास हरकत नव्हती. खाचर ज्यांचे होते त्या आजींचे घर बांधाला लागूनच होते. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून वाटाड्या म्हणून बरोबर येणार होता. मुलांनी त्याला पहिल्या तासातच 'मामा' करून टाकले.

खुंट्या ठोकताना दगड वाकडे लागले, एक राहुटी दोनदा कोसळली, आणि या गडबडीत सर्वांचे हातपाय धुळीने माखले. आजींच्या ओसरीवर एक रांजण आणि दोन हंडे भरून ठेवलेले होते. ''घ्या पोरांनो, हातपाय धुवा,'' असे त्या म्हणाल्या. शहरातल्या माणसाने 'बसा' म्हटल्यावर पाहुणा जसा एका बाजूला अंग चोरून बसतो, तसे मुलांनी करावयास हवे होते. पण त्यांनी पाण्याची मजा केली. आठवीतला एक थोराड मुलगा तर तांब्याने इतरांच्या पाठीवर पाणी उडवू लागला. हसण्याखिदळण्यात हंडे रिकामे झाले. जेवणानंतर भांडी घासली गेली आणि रांजणाचाही तळ दिसला. आजी दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. गुरुजी त्या वेळी मामांशी उद्याच्या वाटेविषयी बोलत होते; त्यांचेही तिकडे लक्ष नव्हते.

रात्री कंदिलाजवळ मामा येऊन बसले. शिवनेरीवर काय काय पाहिले, याची उजळणी झाली. सर्व ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ''आन् कोळी चौथरा?'' मुलांनी माना हलवल्या. ती जागा डोळ्यांसमोरून गेली असेल, पण कोणी थांबले नव्हते. मोगलांच्या अमलात या डोंगरांतील महादेव कोळ्यांनी बंड केले. ते मोडल्यावर पकडलेल्या माणसांना शिवनेरीवर नेऊन मारण्यात आले आणि त्या जागेवर तो चौथरा आहे, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत मामांनी सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. ''आमचीच मान्सं ती,'' एवढेच ते शेवटी म्हणाले आणि उठून गेले.

पहाटे सहावीतल्या एका मुलीला जाग आली. राहुटीच्या फटीतून चांदणे आत आले होते. बाहेर बांगड्यांचा आवाज झाला म्हणून तिने डोकावून पाहिले, तो आजी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन निघाल्या होत्या. मुलगी चादर गुंडाळून त्यांच्यामागे गेली. आजींनी मागे वळून पाहिले, पण 'ये' म्हटले नाही, की 'जा'ही म्हटले नाही.

वाट उताराची होती आणि वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब होती. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एका खडकाच्या पोटाशी हातभर रुंदीचा खड्डा होता. त्यात ओंजळभर पाणी होते. आजी खाली बसल्या आणि एका वाटीने ते पाणी कळशीत भरू लागल्या. चार-पाच वाट्या काढल्या, की तळ लागे. मग थांबावयाचे. खडकातून पाणी झिरपे, खड्डा पुन्हा थोडा भरे, की पुन्हा वाटी. मुलीने मनातल्या मनात वाट्या मोजावयास सुरुवात केली. शंभर झाल्या तरी कळशी भरली नव्हती. मागून आणखी दोन बायका आल्या आणि आपापले हंडे ओळीने ठेवून दगडावर बसल्या.

''आजी, रोज किती वेळा येता?'' तिने विचारले.

''येकदा. पाव्हनं आलं का दोनदा.''

मुलीने कळशी उचलू लागण्याचा प्रयत्न केला. ती अर्ध्या वाटेपर्यंतही तिच्याने नेववली नाही. मुक्कामावर आल्यावर तिने कोणालाच काही सांगितले नाही. मात्र सकाळी तोंड धुताना तिने पेलाभर पाण्यातच सारे उरकले, हे तिच्या मैत्रिणीच्या लक्षात आले.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. कोकणातील बंदरांतून वर देशावर येणारी ही फार प्राचीन वाट. सोपारा आणि कल्याण येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने चढे आणि जुन्नरवरून थेट प्रतिष्ठानपर्यंत, म्हणजे आजच्या पैठणपर्यंत जाई. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. जकातीचा पैसा त्यात टाकत, असे सांगतात. थोराड मुलाने त्यात डोके घालून आरोळी ठोकली आणि तिचा घुमलेला आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

थोडे खाली उतरले, की सातवाहनांच्या काळचे लेणे लागते. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला दीर्घ लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या संबंधातला. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याची त्यात नोंद आहे, आणि ती नुसत्या शब्दांत नसून आकड्यांतही आहे. भारतात सापडलेल्या अतिप्राचीन अंकलेखनात या आकड्यांची गणना होते. गणिताचा कंटाळा असलेल्या एका मुलाला हे ऐकून वाईट वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीही सुटका नव्हती, असे तो म्हणाला.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील माणसांचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि त्यांचे राजकुमार. पुतळे नाहीसे झाले आहेत. उरली आहेत ती वर कोरलेली नावे आणि खाली काही पावलांच्या खुणा. मुलांनी त्या खुणांच्या शेजारी स्वतःची पावले ठेवून पाहिली. गुरुजींनी त्यांना मागे सारले खरे, पण थोडे उशिराच; त्यांनाही तो खेळ पाहावासा वाटला असावा.

त्या संध्याकाळी हंडे पुन्हा भरलेले होते. हातपाय धुण्यासाठी मुले ओसरीकडे धावली, तेव्हा ती सहावीतली मुलगी रांजणासमोर जाऊन उभी राहिली. तिने पहाटेची हकिकत सांगितली. वाटीची गोष्ट ऐकल्यावर गलका थांबला. थोराड मुलाच्या हातात तांब्या होता. तो त्याने हळूच खाली ठेवला.

मुले राहुटीत बसून कुजबुजली आणि त्यांनी एक बेत केला. तो त्यांनी गुरुजींना सांगितला नाही. पहाटे चारला चौदाजण उठले, मिळतील ती पातेली, तांबे आणि बाटल्या घेऊन चांदण्यात ओढ्यावर गेले. आजी उठण्यापूर्वी रांजण भरून ठेवावयाचा होता. पण खड्डा लहान, मुले चौदा आणि उत्साह दांडगा! कोणाचा पाय खड्ड्यात पडला, कोणी काठ कोरून तो मोठा करू पाहिला. घटकाभरात तेथे चिखल झाला. तेवढ्यात वरून दोन बायका हंडे घेऊन आल्या. त्यांनी खड्ड्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले आणि त्यांतली एक असे काही बोलली, की मुलांना ती भाषा पुरी कळली नाही तरी अर्थ पुरता कळला.

आजींना हे समजताच त्या स्वतः खाली गेल्या. मुलांना वाटले, त्या आपली बाजू घेतील. परंतु त्यांनीही मुलांनाच सुनावले. ''पान्याला पाळी असती. येका घरचा रांजण भराया चार घरं कोरडी ठिवायची का?'' मग त्यांनी आपल्या घरातले काल भरलेले दोन्ही हंडे त्या बायकांच्या घरी पोहोचविले. मुले चिखलाने भरलेल्या पायांनी तशीच उभी होती, आणि पाय धुवा असे म्हणण्याची सोय नव्हती.

गुरुजी सारे ऐकून घेत होते. बराच वेळ ते गप्प राहिले. नंतर आजींपुढे जाऊन म्हणाले, ''आजी, मुलांना बोलू नका. राहुट्या ठोकण्यापूर्वी पाणी कुठून येते, हे मी विचारायला हवे होते. मी किल्ल्यांची वाट विचारली, पाण्याची विचारली नाही.'' गुरुजींना असे कोणापुढे चुकलो म्हणताना मुलांनी आजवर पाहिले नव्हते. आजींनी नुसती मान हलवली आणि त्या चुलीकडे वळल्या. त्या दिवशी न्याहारीला नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला होता. कोणीही तो पुरता भरून घेतला नाही.

मग जीवधन. रानातून चढणारी वाट शेवटी कातळाशी येऊन भिडते. १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख जिंकला, तेव्हा पुन्हा कोणी आश्रयाला येऊ नये म्हणून अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. जीवधनही त्यातून सुटला नाही. जेथे पायऱ्या तुटल्या आहेत, तेथे खोबणीत हातपाय रोवून चढावे लागते. लहान मुले मामांच्या मागोमाग खारीसारखी वर गेली. अडला तो थोराड मुलगा. त्याने खाली पाहिले आणि त्याचे पाय लटपटू लागले. बाकीचे वरून हसू लागले, तेव्हा मामांनी त्यांना एका नजरेने गप्प केले. ते खाली उतरले आणि म्हणाले, ''हितंच सावलीला बस. डोंगर कुटं पळून जात न्हाई.'' मुलगा बसला. त्याला रडू आले असेल तर ते पाहावयास तेथे कोणी नव्हते.

वर धान्याची दगडी कोठारे आहेत. आत काळोख; दाराजवळच्या कोरीव कामावरून हात फिरविला तर दगड अजून गुळगुळीत लागतो. आतली राख १८१८च्या लढाईत जळालेल्या धान्याची, असे गावकरी सांगतात. याच गडावर निजामशाहीतला मूर्तजा नावाचा लहान राजपुत्र कैदेत होता. १६३३ च्या सुमारास शहाजीराजांनी त्याला येथून सोडविले, पेमगिरीच्या किल्ल्यावर नेले आणि त्याच्या नावाने राज्य चालविले. तीन वर्षांत तेही संपले आणि मूर्तजा मोगलांच्या हाती गेला. मूर्तजाला सोडविले तेव्हा शहाजीराजांचा स्वतःचा मुलगा शिवाजी अवघा तीन वर्षांचा होता.

कोठारांपासून जवळच पाण्याची टाकी होती. सहावीतली मुलगी काठावर बसून आत पाहत राहिली. ''गडावर पाणी आहे. गावात का नाही?'' तिने विचारले.

या प्रश्नासाठी मात्र गुरुजी थांबले. या माथ्यावर पाऊस काही कमी पडत नाही; पावसाळ्यात तर नाणेघाटाच्या कड्यावरून कोसळणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, एवढा तो जोर. परंतु काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. पडलेले पाणी मुरत नाही. उतारावरून काही कोकणात जाते, काही कुकडी नदीला मिळते. कुकडीचे पाणी खाली माणिकडोहच्या धरणात साठते आणि कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांना जाते. वरच्या वाड्यांनी ते नुसते लांबून पाहावयाचे. गड बांधणाऱ्यांनी मात्र आधी टाकी खोदली. खोदताना निघालेला दगड तटाला झाला आणि पडलेल्या खळग्यात चार महिन्यांचा पाऊस आठ महिन्यांसाठी राहिला.

''मग गावाला कुनी टाकं खोदून द्यावं?'' मामांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला, ते कळले नाही. गुरुजींनी उत्तर दिले नाही.

चौथ्या दिवशी पहाटे राहुट्या उतरल्या. आजींनी निरोप देताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चिखल झालेल्या खड्ड्याची काय दशा आहे, असे मुलीने विचारले, तेव्हा पाणी निवळल्याचे त्यांनी सांगितले. ''पुन्यांदा या. पर येताना कमी या,'' असेही म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या.

परतीच्या वाटेवर पूर गावी कुकडेश्वराचे जुने दगडी मंदिर लागले. कुकडीचा उगम तो हाच. तेथे फार वेळ मोडता आला नाही, कारण चावंड बाकी होता आणि दुपारची गाडी गाठावयाची होती.

चावंडच्याही पायऱ्या १८१८ साली तोडल्या गेल्या. पण तेथे आता आधारासाठी कठडा आहे. थोराड मुलगा सर्वांच्या मागे होता. कातळाशी आल्यावर तो थांबला, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे समोरच्या पायरीवर ठेवून एक एक पाऊल चढू लागला. या वेळी वरून कोणी हसले नाही. निजामशाहीतला बहादूर नावाचा तान्हा वारस १५९४-९५ च्या सुमारास याच गडावर डांबला होता. चांदबिबीने त्याला गादीवर बसविण्यासाठी येथून सोडविले, आणि १६०० साली अहमदनगर पडल्यावर मोगलांनी त्याला पुन्हा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले. त्या पोराच्या नशिबी एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जाणे एवढेच होते. गुरुजी हे सांगत होते, तरी मुलांचे लक्ष पुढच्या टाक्यांकडे लागले होते.

चावंडवर खडकात कोरलेली सात टाकी एकमेकांलगत आहेत. सप्तमातृकांशी त्यांचा संबंध जोडतात. सर्वांत लहान मुलगा पाण्यात हात घालणार, तोच दोघातिघांनी त्याला एकदम ओढले आणि तांब्या त्याच्या हाती दिला. थोराड मुलाने एक लांब काठी आणली. ती पाण्यात उभी सोडून त्याने ओल्या खुणेपाशी बोट धरले आणि वीतभर वीतभर मोजू लागला. मग लांबी, मग रुंदी. गणिताचा कंटाळा असलेला मुलगा वहीत आकडे लिहू लागला. एका माणसाला दिवसाला किती पाणी, घाटघरच्या एका घरात माणसे किती, आणि हे टाके तेवढ्या घराला किती दिवस पुरेल? एक म्हणाला, उडून जाणारे पाणी वजा करावे लागेल. दुसरा म्हणाला, गुरे धरली का? गुरे धरली नव्हती. हिशेब पुन्हा सुरू झाला.

गुरुजीही खाली बसून वहीत डोकावू लागले. तिसऱ्या टाक्याचे माप चालू असताना खालून एस. टी.चा कर्णा ऐकू आला, आणि काठी तशीच टाक्यात उभी ठेवून सारी मंडळी पायऱ्यांकडे धावली.